मोठे वर्तुळ, मोठे औषध?



लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते, ओटीपोटात दुखते, अशी तक्रार घेऊन घरातले कोणी डॉक्टरांकडे गेले, की पुष्कळदा डॉक्टर लघवीचे 'कल्चर' करून आणायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी प्रयोगशाळेतून एक कागद मिळतो. त्यावर एका जीवाणूचे नाव असते, त्याखाली औषधांची यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे एखादा आकडा आणि एक अक्षर असते. घरात विज्ञान शिकणारे तुम्हीच. तेव्हा तो कागद तुमच्या हातात पडतो आणि "वाच बरं, काय लिहिलंय यात?" असा हुकूम सुटतो.

समजा, त्या कागदावर असे लिहिले आहे :

जीवाणू – ई. कोलाय. संख्या – दर मिलिलिटरला १ लाखाहून अधिक.
अँपिसिलीन – ८ मि.मी. – आर
सिप्रोफ्लॉक्सॅसिन – २३ मि.मी. – आय
नायट्रोफ्युरँटॉइन – १९ मि.मी. – एस
सेफाझोलिन – १७ मि.मी. – एस

'एस' म्हणजे सेन्सिटिव्ह. हा जीवाणू त्या औषधाला संवेदनशील आहे. 'आर' म्हणजे रेझिस्टंट. तो त्या औषधाला दाद देत नाही. 'आय' म्हणजे इंटरमीजिएट, अर्थात दोहोंच्या मधला. येथवर सोपे आहे. पण आता आकड्यांकडे नीट पाहा. २३ मिळवणारे औषध मधल्या रांगेत आणि १७ मिळवणारे मात्र थेट पहिल्या वर्गात! छपाईत चूक झाली की काय?

चूक झालेली नाही. हा निकाल असाच का लागतो हे समजले, की सारा अहवाल समजला. माझा विषय भौतिकशास्त्र आहे, जीवाणूशास्त्र नव्हे. पण या कोड्याची किल्ली भौतिकशास्त्राच्याच एका धड्यात आहे. त्या धड्याचे नाव विसरण.

लाखाची रेघ

प्रथम लघवीतले जीवाणू मोजावे लागतात. त्यासाठी तंत्रज्ञ तारेचा एक बारीक फासा वापरतात. त्यात बरोबर ०.००१ मिलिलिटर लघवी मावते. ती पोषक द्रव्ये असलेल्या थरावर पसरतात आणि बशी एक रात्र उबदार पेटीत ठेवतात. प्रत्येक जिवंत जीवाणूची वाढून डोळ्यांना दिसेल एवढी एक वसाहत होते. वसाहती मोजायच्या आणि १००० ने गुणायचे. १०० वसाहती दिसल्या, तर दर मिलिलिटरला १ लाख जीवाणू.

या १ लाखाला एवढे महत्त्व का? लघवी बाहेर येताना त्वचेवरचे थोडे जीवाणू तिच्यात मिसळतातच. खऱ्या संसर्गातले जीवाणू आणि वाटेत मिसळलेले जीवाणू यांत फरक कसा करायचा? बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात पुष्कळ नमुने तपासून १ लाखाची ही रेघ सुचवली. ती आजही उपयोगी पडते. मात्र ती लक्ष्मणरेषा नव्हे. रुग्णाला त्रास होत असेल तर डॉक्टर त्याहून कमी संख्याही विचारात घेतात.

म्हणूनच नमुना मधल्या धारेचा घ्यायचा असतो आणि तो लगेच पोचवायचा असतो. लघवी हे जीवाणूंचे चांगले खाद्य आहे. नमुन्याची बाटली तासन् तास टेबलावर राहिली, तर मिसळलेले थोडेसे जीवाणू वाढून लाखाची रेघ ओलांडतील आणि नसलेला संसर्ग कागदावर उमटेल. दोन तासांत पोचवणे शक्य नसेल, तर नमुना शीतकपाटात ठेवतात तो याचसाठी.

जीवाणूंचे शेत

रुग्णाचा जीवाणू हाती आला. आता त्याच्यावर कोणते औषध चालते ते पाहायचे.

एका पेट्री बशीत पोषक द्रव्ये घातलेल्या अगारचा ४ मि.मी. जाडीचा थर ओततात. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ. आपल्या स्वयंपाकघरात 'चायना ग्रास' म्हणून येतो तोच. या कामासाठी वापरतात ते माध्यम जॉन म्यूलर आणि जेन हिंटन या शास्त्रज्ञांनी १९४१ साली हार्वर्ड येथे तयार केले. त्यांना ते वेगळ्याच जीवाणूंसाठी हवे होते, पण आज जगभर ते या चाचणीसाठी ओळखले जाते.

नंतर जीवाणू मिठाच्या सौम्य पाण्यात कालवतात. किती कालवायचे? दर मिलिलिटरला साधारण १० ते १५ कोटी. एवढे मोजणार कोण? येथे युक्ती आहे. बेरियम सल्फेटचा पांढरा साका तुम्ही रसायनशास्त्राच्या तासाला पाहिला असेल. तो ठरलेल्या प्रमाणात पाण्यात ढवळला, की ठरलेला गढूळपणा येतो. जीवाणूंचे पाणी तितकेच गढूळ दिसले, म्हणजे संख्या बरोबर. मग कापसाच्या बोळ्याने ते पाणी सगळ्या बशीवर सारखे पसरतात. हे झाले जीवाणूंचे शेत. त्यावर औषध शोषलेल्या, ६ मि.मी. व्यासाच्या कागदी चकत्या अंतराअंतरावर ठेवतात आणि बशी ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवून देतात.

दुसऱ्या दिवशी बशीवर जीवाणूंची दुधी साय धरलेली दिसते. काही चकत्यांभोवती मात्र स्वच्छ वर्तुळे असतात. तेथे जीवाणू वाढलेले नाहीत. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे अहवालातला आकडा. अँपिसिलीनपुढचे ८ मि.मी. म्हणजे काय ते आता तुम्हीच सांगा. चकतीच ६ मि.मी. ची, म्हणजे औषधाला तिच्या कडेबाहेर जेमतेम १ मि.मी. जागा मिळाली!

एक शर्यत

वर्तुळाची कड नेमकी तेथेच का पडते?

चकती ओल्या अगारवर टेकताच औषधाचे रेणू अगारमध्ये उतरून चहूकडे पसरू लागतात. यालाच विसरण म्हणतात. चकतीजवळ औषधाची संहती जास्त आणि दूर जावे तशी कमी होत जाते. त्याच वेळी जीवाणूही स्वस्थ बसलेले नसतात. अनुकूल स्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे औषधाचा प्रसार आणि जीवाणूंची वाढ यांची ही शर्यत असते. औषध जेथे पुरेशा संहतीने आधी पोचते तेथे जमीन मोकळी राहते. जेथे ते पोचेपर्यंत जीवाणूंची दाटी झालेली असते, तेथे साय धरते. दोघांची गाठ पडते ती वर्तुळाची कड.

आता पाहा, ही कड कशाकशावर अवलंबून आहे? जीवाणू किती दाट पेरले, अगार किती जाड, तापमान किती, चकतीत औषध किती आणि त्या औषधाचे रेणू किती चपळ, या सगळ्यांवर! मोठा रेणू जेलीतून सावकाश सरकतो. कोलिस्टिन नावाच्या औषधाचा रेणुभार साडेअकराशेच्या आसपास आहे, तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा ३३१. कोलिस्टिन अगारमध्ये इतके कमी पसरते, की त्याच्यासाठी ही चकत्यांची नेहमीची रीत भरवशाची मानत नाहीत.

पूर्वी निरनिराळ्या प्रयोगशाळा ही चाचणी आपापल्या पद्धतीने करीत आणि एकीचे निकाल दुसरीशी जुळत नसत. १९६६ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील बावर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी सगळी मापे ठरवून दिलेली एकच रीत प्रसिद्ध केली. तीच पुढे सर्वत्र रूढ झाली. ४ मि.मी. जाडीचा आग्रह का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसांच्या मदतीने चायना ग्रास पाण्यात उकळून विरघळवा आणि सपाट तळाच्या ताटलीत सुमारे ४ मि.मी. थर ओतून गार होऊ द्या. कागदाला भोके पाडायच्या यंत्रातून पडलेल्या टिकल्या घ्या; त्याही जवळजवळ ६ मि.मी. च्याच असतात. त्यांपैकी एक खाण्याच्या रंगात आणि दुसरी त्याच रंगाच्या दुप्पट तीव्र द्रावणात बुडवा, निथळू द्या आणि थरावर दूर दूर ठेवा. १ तासाने, ४ तासांनी आणि ९ तासांनी रंग किती पसरला ते मोजा. ४ तासांत रंग १ तासाच्या चौपट पसरलेला दिसणार नाही. साधारण दुप्पटच दिसेल. विसरणात अंतर हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुसरी गोष्ट, रंग दुप्पट तीव्र केला म्हणून डाग दुप्पट मोठा होणार नाही; थोडासाच मोठा होईल. जीवाणू मात्र घरी वाढवायच्या फंदात पडू नका. रंग पुरे आहे.

प्रत्येकाची पट्टी निराळी

आता आपले कोडे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते, तर नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीत ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० पट. रेणू निराळे, मात्रा निराळी. मग त्यांच्या वर्तुळांची आपापसांत तुलना कशी करता येईल? पारा भरलेला एक आणि अल्कोहोल भरलेला दुसरा, असे दोन तापमापक शेजारी ठेवले आणि 'याचा स्तंभ लांब, म्हणून येथे उष्णता जास्त' असे कोणी म्हटले, तर तुम्ही हसाल. स्तंभाची लांबी म्हणजे तापमान नव्हे. प्रत्येक तापमापकाला त्याच्या स्वतःच्या खुणा असाव्या लागतात.

या खुणा कशा पाडतात? जीवाणूंचे अनेक नमुने घेतात. प्रत्येकाची वाढ थांबवायला औषधाची कमीत कमी किती संहती लागते ते निराळ्या रीतीने मोजतात. ओळीने नळ्या मांडायच्या आणि प्रत्येक नळीत आधीच्या निम्मे औषध घालायचे. ज्या शेवटच्या नळीत वाढ दिसत नाही तिथली संहती, ती त्या जीवाणूची 'किमान निरोधक संहती'. त्याच जीवाणूंची वर्तुळेही मोजतात आणि दोन्ही आकडे आलेखावर मांडतात. किमान संहती जितकी जास्त लागते, तितके वर्तुळ लहान. मग शरीरात ते औषध किती संहतीपर्यंत पोचते आणि प्रत्यक्ष रुग्ण किती बरे होतात, हे पाहून मि.मी. च्या पट्टीवर रेघ ओढतात.

ई. कोलायसाठी अमेरिकेतील क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या रेघा अशा आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन : १७ मि.मी. किंवा अधिक असेल तर एस, १४ किंवा कमी असेल तर आर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन : २६ किंवा अधिक असेल तर एस, २१ किंवा कमी असेल तर आर. म्हणून १९ ला एस आणि २३ ला आय! कोडे सुटले. दोघांनी निरनिराळे पेपर दिले होते आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही निरनिराळे होते.

या रेघा कायमच्या नसतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची 'एस'ची रेघ पूर्वी २१ मि.मी. वर होती. थोडाफार प्रतिरोध आलेले जीवाणू त्या जुन्या पट्टीतून 'एस' म्हणून निसटत होते. म्हणून २०१९ साली ती २६ वर नेली. म्हणजे आपल्या अहवालातल्या याच २३ मि.मी. वर्तुळाला २०१८ साली 'एस' मिळाला असता. जीवाणू तोच, वर्तुळ तेच, अक्षर मात्र बदलले! युरोपातील समितीची पट्टी आणखी निराळी आहे. चांगल्या अहवालात कोणत्या पट्टीने मोजले ते लिहिलेले असते.

बासुंदीचा न्याय

आता सेफाझोलिनकडे वळू. हे खरे तर सुईवाटे द्यायचे औषध. पण लघवीच्या अहवालात ते काही तोंडी गोळ्यांचे प्रतिनिधी म्हणूनही येते. साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी त्याची 'एस'ची रेघ १५ मि.मी. वर आहे. तोच जीवाणू रक्तात सापडला असता तर ती रेघ २३ वर गेली असती आणि १९ किंवा त्याहून कमी असलेल्या वर्तुळाला 'आर' मिळाला असता. आपल्या १७ मि.मी. चा मूत्राशयात 'एस' आणि रक्तात 'आर'! असे का?

बासुंदी करताना दूध आटवतात. पाणी उडून जाते, पण साखर तेवढीच राहते, म्हणून गोडी वाढते. मूत्रपिंडे हेच काम करतात. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक पाणी परत घेऊन साधारण दीड लिटर लघवी बाहेर सोडतात. जे औषध परत शोषले जात नाही, ते लघवीत रक्ताच्या कितीतरी पट दाट होते. रक्तात जे औषध अपुरे पडते ते मूत्राशयात भरपूर ठरते.

नायट्रोफ्युरँटॉइन तर या न्यायाचे टोकाचे उदाहरण आहे. ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला थांबणारा ई. कोलायही त्याच्या दृष्टीने 'एस' असतो, कारण लघवीत त्याची संहती याच्याही वर जाते. रक्तात मात्र ती १ मायक्रोग्रॅमच्याही आत राहते. म्हणून मूत्राशयाच्या साध्या संसर्गात ते उत्तम काम करते. पण संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत चढला असेल, थंडी वाजून ताप येत असेल, कुशीत दुखत असेल, तर कागदावर 'एस' असूनही ते पुरे पडत नाही, कारण मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेसे पोचतच नाही. येथे नुसते अक्षर वाचून गोळी घेतली, तर रोग आत वाढत राहील. घरातल्या आजीची मूत्रपिंडे थकलेली असतील, तर आटवण्याचे कामच नीट होत नाही. तेव्हा हे औषध लघवीत कमी उतरते आणि शरीरात साचून अपाय करते. अहवालात जीवाणूची माहिती असते, पण आजीची नसते. ती डॉक्टरांना असते.

अक्षरांचा खरा अर्थ

'एस' म्हणजे हमखास बरे होणे नव्हे आणि 'आर' म्हणजे हमखास अपयशही नव्हे. वैद्यकात एक ढोबळ ठोकताळा आहे : जीवाणू संवेदनशील असेल तर साधारण ९० टक्के संसर्ग त्या औषधाने बरे होतात, प्रतिरोधी असेल तर साधारण ६० टक्के. म्हणजे ही अक्षरे संभाव्यता सांगतात. आजारी माणसाची स्वतःची प्रतिकारशक्ती ही या यादीत न छापलेले औषधच आहे.

'आय' म्हणजे 'अर्धवट चालणारे औषध' असेही नाही. युरोपातील समितीने २०१९ पासून त्याचा अर्थ 'जादा मात्रेत संवेदनशील' असा ठरवला आहे. अमेरिकी पद्धतीत मोजणीतल्या बारीकसारीक चुकांमुळे 'एस'चा 'आर' किंवा 'आर'चा 'एस' होऊ नये, म्हणूनही हा मधला पट्टा सोडलेला असतो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ माणसांच्या, विशेषतः वृद्धांच्या, लघवीत जीवाणू असतात पण त्रास काहीच नसतो. अशांना बहुधा औषध देत नाहीत. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया व्हायचे असलेले रुग्ण हे अपवाद. प्रयोगशाळा मात्र यादी छापून देतेच. 'एस' हा 'हे घ्या' असा हुकूम नव्हे.

हे एवढे महत्त्वाचे का?

एकाच बशीवर कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांतला एखादा योगायोगाने औषधाला न जुमानणारा निघतो. भोवतीचे सगळे मेले, की सगळे शेत त्याच्या मालकीचे होते. पेनिसिलीन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जीवाणू निर्ढावतील. तसेच झाले. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले. आपल्या देशात काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांची विक्री मार्च २०१४ पासून अधिक कडक नियमाखाली आणली गेली. चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती ओळखायला शिकवणारी मोहीम २०१६ साली निघाली. घरातल्या औषधांच्या डब्यात अशी किती पाकिटे अर्धवट पडली आहेत, ते आज पाहा.

तेव्हा अहवाल हाती आला, तर एवढे जरूर करा. नाव आणि तारीख पाहा. मागच्या वर्षीच्या अहवालावरून यंदाचे औषध ठरवता येत नाही, कारण जीवाणू निराळा असू शकतो. नमुना कशाचा आणि संख्या किती ते वाचा. एकाच वेळी तीन-चार प्रकारचे जीवाणू लिहिलेले असतील, तर नमुना घेताना भेसळ झाल्याचा संशय धरा. अक्षरे वाचा, पण मि.मी. ची आपापसांत तुलना करू नका. आणि मग कागद डॉक्टरांच्या हाती द्या. त्यांना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : "हे औषध संसर्ग जेथे आहे तेथे पोचते का?" आणि "किती दिवस घ्यायचे?"

डोके चालवा

१. तंत्रज्ञाने चुकून अगारचा थर ४ ऐवजी ६ मि.मी. जाडीचा ओतला. वर्तुळे मोठी येतील की लहान? आणि त्यामुळे चूक कोणत्या बाजूला होईल : चालणारे औषध 'आर' ठरेल, की न चालणारे 'एस'?

२. नमुन्यात दर मिलिलिटरला फक्त १००० जीवाणू मिसळले होते. बाटली टेबलावर राहिली. ते दर तासाला दुप्पट होतात असे धरले, तर १ लाखाची रेघ कितव्या तासात ओलांडली जाईल?